अमेरिकेत गृहकर्जमाफी झालीच नव्हती

‘2009 मध्ये ओबामा सरकारने थकबाकीदारांची गृहकर्जं माफ केली’ हे वाक्य अजूनही ऐकू येतं. ते खरं नाही. ‘हॅम्प’ या थकलेल्या गृहकर्जदारांसाठीच्या सरकारी योजनेत झाली ती कर्जाची फेररचना. कुटुंबाचं मासिक उत्पन्न 4,000 डॉलर असेल, तर घराचा कर आणि विमा धरून हप्ता 1,240 डॉलरवर, म्हणजे 31 टक्क्यांवर आणायचा. आधी व्याजदर उतरवायचा, अगदी 2 टक्क्यांपर्यंत. मग मुदत 40 वर्षांपर्यंत वाढवायची. तरीही जमलं नाही, तर मुद्दलाचा काही भाग बिनव्याजी पुढे ढकलायचा. पाच वर्षांनी व्याज पुन्हा हळूहळू वाढायचं. मुद्दल काहींचं कमी झालं, सरसकट नाही.

ही फेररचना पक्की होण्याआधी तीन महिने चाचणीचे हप्ते भरायचे. तीच पगारपत्रकं बँकेला पुन्हा पुन्हा फॅक्स करूनही ‘कागद मिळाले नाहीत’ असं ऐकून कित्येकांनी घरं गमावली. त्यांच्या नावावर माफी खपवणं मला फार अन्यायाचं वाटतं.

आणि कर्ज देणाऱ्यांच्या मनमानीला लगाम? तो मात्र बसला. 2010 च्या डॉड-फ्रँक या वित्तीय सुधारणा कायद्यामुळे जानेवारी 2014 पासून गृहकर्ज देण्याआधी कर्जदाराची ऐपत तपासणं बंधनकारक झालं. शिवाय हप्ता थकून 120 दिवस उलटल्याशिवाय राहत्या घरावर जप्तीची कारवाई सहसा सुरूच करता येत नाही.