जॉन डेव्हनपोर्ट यांची कागदपत्रं वाचायची असतील तर: हूव्हर अभिलेखागाराची पात्रता, ओळखपत्र आणि मागणी नोंदवण्याची पद्धत

पीएच.डी. नाही, कॉलेजात शिकवत नाही, कुठल्या विद्यापीठाचं पत्र हातात नाही. मग अमेरिकेतल्या एवढ्या मोठ्या अभिलेखागारात आपल्याला कोण आत घेणार? या एका शंकेपायी किती तरी चांगले वाचक अर्जापर्यंत पोचतच नाहीत. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या आवारातलं हूव्हर इन्स्टिट्यूशनचं ग्रंथालय आणि अभिलेखागार सर्वांना खुलं आहे. वाचण्यासाठी शुल्क नाही, पदवीची अट नाही. फोटो असलेलं सरकारी ओळखपत्र लागतं, आधी ऑनलाइन नोंदणी लागते आणि कागदपत्रांचं कोणतं खोकं हवं आहे ते नेमकं सांगावं लागतं. पहिल्या दोन गोष्टी तासाभरात उरकतात. तिसरीला आठवडा लागू शकतो, आणि तो आठवडा सत्कारणी लागला तरच पुढचा सगळा प्रवास कामाचा ठरतो.

उदाहरणासाठी जॉन डेव्हनपोर्ट यांचा संग्रह घेतला आहे. डेव्हनपोर्ट हे ‘फॉर्च्यून’ मासिकातले पत्रकार, काही काळ ‘बॅरन्स’ या आर्थिक साप्ताहिकाचे संपादक. विचारांनी परंपरावादी, मुक्त बाजारपेठेचे खंदे पुरस्कर्ते. एप्रिल १९४७ मध्ये मुक्त बाजारपेठेची बाजू मांडणारे अर्थतज्ज्ञ फ्रीडरिख हायेक यांनी स्वित्झर्लंडमध्ये माँ पेलेराँ इथे एक बैठक बोलावली. तिथे अर्थतज्ज्ञ आणि तत्त्वचिंतक होते, तसे मोजके पत्रकारही होते: हेन्री हॅझलिट, फेलिक्स मॉर्ली आणि डेव्हनपोर्ट. प्राध्यापकांचे विचार त्यांच्या पुस्तकांत सापडतात. पण ते विचार मासिकाच्या पानावर कसे आले, कोणी कोणाला काय सुचवलं, मसुद्यात काय खोडलं गेलं, हे समजतं ते पत्रकाराच्या फायलींतून. विसाव्या शतकातला आर्थिक वाद सामान्य वाचकापर्यंत कसा पोचला, हे ज्याला समजून घ्यायचं आहे त्याने असे संग्रह वाचलेच पाहिजेत, असं मला मनापासून वाटतं. त्यांचं म्हणणं तुम्हाला पटतं की नाही, हा वेगळा मुद्दा.

मराठी वाचकाचा इथे काय संबंध, असं कोणी विचारेल. १९५५ मध्ये अमेरिकन अर्थतज्ज्ञ मिल्टन फ्रीडमन भारतात आले होते आणि दुसऱ्या पंचवार्षिक योजनेच्या तयारीच्या काळात त्यांनी भारत सरकारला एक टिपण दिलं होतं. तेव्हा अर्थमंत्री होते चिंतामणराव देशमुख. फ्रीडमन १९४७ च्या बैठकीलाही होते आणि त्यांची कागदपत्रं याच हूव्हरमध्ये आहेत. देशमुखांच्या काळावर काम करणाऱ्याला त्या काळची मुक्त बाजारपेठेची बाजू मुळातून वाचायची असेल, तर वाट इथूनच जाते.

कोण अर्ज करू शकतं

कोणीही. पुण्यातला एम.ए.चा विद्यार्थी, मुंबईतला पत्रकार, निवृत्त बँक कर्मचारी. मुलाकडे कॅलिफोर्नियात सनीव्हेल किंवा फ्रीमाँटला राहायला गेलेले आईवडीलसुद्धा नोंदणी करू शकतात. विषय सांगावा लागतो, पण तुम्ही त्या विषयातले तज्ज्ञ आहात हे सिद्ध करावं लागत नाही. आपल्याकडे शिफारसपत्र, विभागप्रमुखांची सही, शिक्का या सगळ्याची इतकी सवय झालेली असते की ते मागितलं गेलं नाही तर काहीतरी राहिलं असं वाटत राहतं. इथे काही राहिलेलं नसतं.

ओळखपत्र आणि व्हिसा

भारतातून जाणाऱ्यांनी पासपोर्टच दाखवावा. आधारवर विसंबू नये. अमेरिकेत राहणाऱ्यांना तिथला वाहन परवाना किंवा राज्याचं ओळखपत्र चालतं. झेरॉक्स किंवा मोबाइलमधला फोटो पुरेसा समजू नका, मूळ ओळखपत्र जवळ ठेवा.

इथे नावाचा घोळ मात्र खास आपला आहे. मराठी पासपोर्टवर मधलं नाव वडिलांचं किंवा नवऱ्याचं असतं आणि बहुतेकदा ते पहिल्या नावाच्या रकान्यातच छापलेलं असतं. लग्नानंतर पासपोर्टवर एक आडनाव, ईमेलवर दुसरं आणि लिखाण तिसऱ्याच नावाने, असंही असतं. ऑनलाइन खातं उघडताना पासपोर्टवर जसं आहे तसंच नाव भरा. लेखनाचं नाव संशोधनाच्या माहितीत सांगता येतं.

व्हिसाचा आणि अभिलेखागाराच्या नोंदणीचा एकमेकांशी संबंध नाही. दोन्ही स्वतंत्र कामं आहेत. स्वखर्चाने, स्वतंत्र संशोधनासाठी जायचं असेल तर ते बी-१ व्हिसाच्या कक्षेत बसतं. डीएस-१६० हा व्हिसाच्या अर्जाचा फॉर्म ऑनलाइन भरायचा, बोटांचे ठसे द्यायचे आणि मुलाखतीला जायचं. महाराष्ट्रातल्या अर्जदारांची मुलाखत सहसा वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वकिलातीत होते. मुलाखतीला जाताना आपल्या विषयाचं एक पान आणि अभिलेखागाराशी झालेला ईमेल व्यवहार छापून न्या. कशासाठी चाललात, या प्रश्नाला त्याहून स्पष्ट उत्तर नाही. शिष्यवृत्तीचे पैसे मिळणार असतील तर व्हिसाचा प्रकार बदलू शकतो. पैसे देणाऱ्या संस्थेकडून ते आधी लेखी घ्या आणि मगच फॉर्म भरा. अमेरिकेत आधीच शिकत असलेल्यांना यातलं काहीच करावं लागत नाही.

सूची हाच खरा अर्ज

प्रत्येक संग्रहाची एक सूची असते. डेव्हनपोर्ट संग्रहाची सूची ‘ऑनलाइन आर्काइव्ह ऑफ कॅलिफोर्निया’ या संकेतस्थळावर शोधायची. घरी बसून, फुकट, हवी तितक्या वेळा वाचता येते. सुरुवातीला संग्रह करणाऱ्याची चार ओळींत ओळख, मग संग्रह किती मोठा आहे ते, मग पाहण्याच्या आणि छापण्याच्या अटी, आणि त्यानंतर खोक्यांची यादी. आकार ‘लिनियर फूट’मध्ये दिलेला असतो, म्हणजे खोकी शेजारी शेजारी ठेवली तर फळीवर किती फूट जागा व्यापतील ते. एक नेहमीचं खोकं साधारण पाच इंच रुंद असतं आणि त्यात काही शे कागद सहज मावतात. एका दिवसात किती होतील याचा हिशोब यावरून करा. नवखा माणूस तो नेहमी दुपटीने चुकवतो.

यादी वाचताना पत्रव्यवहार, लेखन, कात्रणं असे विभाग वेगळे ओळखा. छापून आलेल्या लेखांची कात्रणं पाहायला इतक्या दूर जाऊ नका. मासिकांचे जुने अंक इतरत्र मिळतात. पत्रव्यवहार आणि मसुदे मात्र तिथेच आहेत. पहिला दिवस त्यांना द्या.

पत्रांचा एक साधा नियम ध्यानात ठेवला की सूची बोलू लागते. पत्र ज्याला गेलं, मूळ पत्र त्याच्याकडे राहतं. लिहिणाऱ्याकडे उरते ती टाइपरायटरखाली कार्बन घालून काढलेली प्रत. हायेक यांनी डेव्हनपोर्टना लिहिलेलं मूळ पत्र शोधायचं ते डेव्हनपोर्ट यांच्या खोक्यात; डेव्हनपोर्ट यांचं मूळ उत्तर शोधायचं ते हायेक यांच्या. हायेक यांची कागदपत्रं हूव्हरमध्येच आहेत, १९४७ च्या त्या बैठकीतून उभ्या राहिलेल्या माँ पेलेराँ सोसायटीचं दप्तरही तिथे आहे. एकाच छपराखाली संवादाच्या दोन्ही बाजू शोधता येणं ही फार दुर्मीळ सोय आहे. म्हणून फक्त एका संग्रहाची सूची घेऊन जाऊ नका. डेव्हनपोर्ट, हायेक, फ्रीडमन आणि सोसायटी अशा चारही याद्या समोर ठेवा, प्रत्येकीत दुसऱ्यांची नावं शोधा, ‘इंडिया’ हा शब्दही शोधा, आणि जुळणाऱ्या फोल्डरांचे क्रमांक एका वहीत उतरवून काढा. १९४७ च्या बैठकीतल्या चर्चेचं टिपण हूव्हरच्याच प्रकाशनाने २०२२ मध्ये पुस्तकरूपाने आणलं आहे. ते आधी वाचलंत तर कोणाची पत्रं शोधायची हे आपोआप ठरेल.

अटींच्या परिच्छेदात बहुधा एक वाक्य येतं: संग्रह संशोधनासाठी खुला आहे, पण साहित्य आरक्षण पद्धतीने आधी मागवावं लागेल. ध्वनिफिती, चित्रफिती किंवा डिजिटल साहित्य असेल तर ते आधी नव्या स्वरूपात आणावं लागतं आणि मगच पाहायला मिळतं. भाषणाची टेप ऐकायची असेल तर तिकीट काढण्याआधी विचारून घ्या.

मागणी नोंदवणं

अभिलेखागाराच्या संकेतस्थळावर खातं उघडायचं, आपला विषय दोन-तीन वाक्यांत लिहायचा, संग्रहाचं नाव, खोक्याचा क्रमांक आणि येण्याची तारीख भरायची. काही खोकी आवाराबाहेरच्या गोदामात असतात, त्यामुळे आज मागितलं आणि आज मिळालं असं होत नाही. किती दिवस आधी मागायचं, वाचनकक्ष कोणत्या वेळेत उघडा असतो आणि एका दिवशी किती खोकी मिळतात, हे नियम बदलत असतात; नोंदणीच्या पानावर त्या आठवड्याचे नियम वाचा. माझा सल्ला विचाराल तर जाण्याच्या तीन आठवडे आधी मागणी नोंदवा आणि ‘आपलं साहित्य तयार आहे’ असा निरोप आल्याखेरीज निघू नका. अमेरिकेतल्या सुट्ट्याही तपासा. नोव्हेंबरअखेर आणि डिसेंबरचा शेवट टाळलेला बरा.

अडलं तर ईमेल करा. ‘मला अमेरिकन परंपरावादावर माहिती हवी आहे’ असं लिहिलंत तर त्यांना मदत करता येत नाही. ‘डेव्हनपोर्ट संग्रहातल्या अमुक खोक्यातल्या अमुक फोल्डरमध्ये १९४७ ची पत्रं आहेत का’ असं विचारलंत तर उत्तर नेमकं मिळतं.

वाचनकक्षात

सॅन फ्रान्सिस्कोहून कॅलट्रेनने पालो आल्टोला उतरायचं, तिथून विद्यापीठाची मार्गरीट बस फुकट आहे. १९४१ मध्ये बांधलेला २८५ फुटी हूव्हर टॉवर लांबूनच दिसतो, चुकायचं कारण नाही.

आत पेन नेता येत नाही, फक्त पेन्सिल. बॅग, पाण्याची बाटली, खाऊ बाहेरच्या कपाटात. एका वेळी एकच फोल्डर उघडायचा आणि कागदांचा क्रम बदलायचा नाही. तारखेने लावावेत असा मोह होतो, कारण पत्रं मागेपुढे असतात. पण तो क्रम हाही पुरावा आहे. कोणतं पत्र कोणत्या कात्रणाला टाचलं होतं यावरून कधी कधी ते का जपलं हे कळतं.

कार्बन प्रतीचा कागद कांद्याच्या पापुद्र्यासारखा पातळ असतो. उचलला की कुरकुरतो, पलीकडच्या पानावरची अक्षरं आरपार दिसतात. खाली कोरा पांढरा कागद सरकवला की वाचता येतं. तो तिथल्या कर्मचाऱ्यांकडे मागा, आपल्या वहीचं पान घालू नका. टाचणी गंजलेली असेल तर स्वतः काढायला जाऊ नका, त्यांना बोलवा.

फ्लॅश बंद ठेवून मोबाइलने फोटो घेता येतात. नियम वाचून संमती द्यावी लागते. इथे एक सवय आजपासून लावून घ्या: प्रत्येक फोल्डर उघडला की पहिला फोटो फोल्डरवरच्या नावाचा आणि खोक्याच्या क्रमांकाचा. पहिल्यांदा मी दिवसभर पत्रांचेच फोटो काढत गेलो आणि घरी येऊन पाहिलं तर चारशे फोटोंपैकी निम्मे कुठल्या फोल्डरमधले ते सांगता येईना. पत्र हातात होतं, पण लेखात त्याचा संदर्भ देता आला नाही. ते दुःख अजून आहे.

जाणं शक्य नसेल तर

संग्रहातला काही भाग डिजिटल झाला आहे का ते हूव्हरच्या डिजिटल संग्रहात आधी पाहा. नसेल तर ठरावीक फोल्डरच्या प्रती शुल्क भरून मागवता येतात. त्यासाठीही खोका आणि फोल्डर क्रमांक लागतोच, म्हणजे सूचीचं काम चुकत नाही. प्रवासखर्चासाठी हूव्हरची सायलस पामर शिष्यवृत्ती आहे, ती तिथल्या संग्रहांवर काम करणाऱ्यांसाठीच. अर्जात कोणत्या संग्रहातली कोणती खोकी पाहणार हे नेमकं लिहिणाऱ्याचं म्हणणं वजनदार ठरतं.

छापण्याआधी

वाचायला मिळालं म्हणजे छापायचा हक्क मिळाला, असं नाही. पत्राचा कागद अभिलेखागाराचा असला तरी त्यातल्या मजकुराचा हक्क पत्र लिहिणाऱ्याचा किंवा त्याच्या वारसांचा असतो. ज्याला पत्र आलं त्याचा नव्हे. अमेरिकी कायद्यात अप्रकाशित पत्रांना लेखकाच्या मृत्यूनंतर ७० वर्षं संरक्षण आहे. हायेक १९९२ मध्ये वारले, म्हणजे त्यांच्या अप्रकाशित पत्रांचा हक्क २०६२ संपेपर्यंत राहतो. दोन-चार वाक्यं चर्चेसाठी उद्धृत करणं वेगळं आणि पूर्ण पत्राचा मराठी अनुवाद छापणं वेगळं. अनुवादालाही परवानगी लागते. हक्क कोणाकडे आहे हे हूव्हरला विचारा. वारसाचा पत्ता लागून लेखी उत्तर यायला महिने जातात, तेव्हा लेख पूर्ण होण्याची वाट न पाहता परवानगीचं पत्र आधी पाठवा.

संदर्भ देताना पत्राची ओळख आणि तारीख, मग ‘जॉन डेव्हनपोर्ट पेपर्स’, खोक्याचा क्रमांक, फोल्डरचा क्रमांक किंवा नाव, आणि शेवटी हूव्हर इन्स्टिट्यूशन लायब्ररी अँड आर्काइव्ह्ज. मराठी लेखातही हा क्रम तसाच ठेवा, म्हणजे उद्या तुमचा लेख वाचून कोणी गेलंच तर तेच खोकं त्याला मागवता येईल.