ओपन सोर्सवर लेख देणं आणि विषय सुचवणं

मुक्तस्रोत उर्फ ओपन सोर्स सॉफ्टवेअरवर मासिकाला, पेपरच्या पुरवणीला, ज्ञानकोशाला किंवा थेट त्या सॉफ्टवेअरच्याच मदतपुस्तिकेला मजकूर लिहून देणं, आणि स्वतःला लिहायला जमत नसेल तर "यावर कुणीतरी लिहा बुवा" म्हणून विषय पुढे सरकवणं, ही दोन्ही कामं या नोंदीत येतात. लेख देणाऱ्याचं निदान नाव तरी छापून येतं, विषय सुचवणाऱ्याला बहुतेक वेळा तेही मिळत नाही. पण संपादकाच्या टेबलावर बसून बघितलं तर लेख लिहिणारे चिक्कार असतात आणि चांगला विषय घेऊन येणारा महिन्यातून एखादा.

आधी थोडी पार्श्वभूमी. रिचर्ड स्टॉलमननी १९८३ मधे मुक्त सॉफ्टवेअर बनवायचा ग्नू प्रकल्प जाहीर केला, लिनस टोरवाल्ड्सनी १९९१ मधे लिनक्स, म्हणजे विंडोजसारख्या कॉम्प्युटर चालवणाऱ्या सिस्टीमचा गाभा, बाहेर काढलं, आणि 'ओपन सोर्स' हा शब्द मात्र बराच उशिरा म्हणजे १९९८ मधे क्रिस्टीन पीटरसन यांनी सुचवला. त्याचं कारण इंग्रजीतला 'फ्री' हा शब्द, तो ऐकला की माणसाला आधी फुकटच आठवतं. आपल्याकडे मुक्त वेगळं, मोफत वेगळं, त्यामुळे हा घोळ व्हायचं खरंतर काही कारण नव्हतं, तरी मराठी मथळ्यांमधे अजूनही 'मोफत सॉफ्टवेअर'च दिसतं. सांगायचं काय तर या सॉफ्टवेअरचा सोर्स, म्हणजे मूळ कोड, कोणीही वाचू शकतो, बदलू शकतो, पुढे वाटू शकतो. पण वाचू शकतो म्हणजे वाचतोच असं नाही ना! कोड लिहिणाऱ्याला माहितीपुस्तिका लिहायचा कंटाळा असतो हे जगजाहीर आहे, गूगलने २०१९ मधे 'सीझन ऑफ डॉक्स' नावाचा कार्यक्रम काढला तो याच दुखण्यावर, त्यात तांत्रिक लेखकांना ओपन सोर्स प्रकल्पांशी जोडून दिलं जायचं. तेव्हा लेख लिहिणारा हा काही बाहेरचा माणूस नाही, कोड लिहिणाऱ्याइतकंच ते योगदान धरलं जातं, निदान शहाण्या प्रकल्पांत तरी.

छापील मासिकांचा आपल्याकडचा इतिहास छोटाच आहे. नव्वदच्या दशकात पीसीक्वेस्ट मासिकाच्या अंकासोबत लिनक्सची सीडी यायची आणि डायलअपच्या जमान्यात ती सीडी म्हणजे सोनं होतं, कारण तेवढं सगळं फोनच्या लाइनवरून उतरवायचं म्हणजे रात्रभर घरचा फोन अडकवून वडिलांच्या शिव्या खायच्या. मग २००३ मधे दिल्लीहून 'लिनक्स फॉर यू' निघालं, २०१२ मधे त्याचंच नाव 'ओपन सोर्स फॉर यू' झालं. परदेशात 'लिनक्स जर्नल' १९९४ मधे सुरू झालं, आणि 'एलडब्ल्यूएन' ही साइट १९९८ पासून चालू आहे, या साइटची पद्धत मला फार आवडते, नवा मजकूर आधी वर्गणीदारांना आणि थोड्या दिवसांनी सगळ्या जगाला खुला. बाहेरच्या लेखकांना ते पैसेही देतात. या सगळ्या ठिकाणी लिहिणारे बरेचसे पगारी पत्रकार नसतातच, कुठल्यातरी ऑफिसात सर्व्हर सांभाळणारी माणसं असतात, दिवसा ज्या गोष्टीने छळलं तिच्यावर रात्री बसून लिहिणारी.

आता विषय सुचवणं कसं असतं ते. ज्याला बग, म्हणजे सॉफ्टवेअरमधली चूक, कळवता येतो त्याला विषय सुचवता येतो, कारण दोन्हीत सांगायच्या गोष्टी त्याच असतात. काय करत होतात, काय व्हायला हवं होतं, काय झालं, आणि दुसऱ्या कोणाकडे ते पुन्हा तसंच होतं का. "लिनक्सवर काहीतरी येऊ द्या" हा विषय नाही, ती फर्माईश झाली. "आमच्या सोसायटीच्या ऑफिसातला जुना कॉम्प्युटर लिनक्स मिंटवर आणला, सगळं झकास चाललं, फक्त सेक्रेटरी काकांची मेंटेनन्सची बिलं जुन्या मराठी फॉन्टमधे होती ती उघडल्यावर निव्वळ चिनी दिसायला लागली, आता काय करायचं" हा विषय. यात माणूस आहे, अडचण आहे, आणि मुंबईत अशा हजार सोसायट्या असणार, त्यामुळे वाचकही आयता आहे.

मोठ्या बातम्यांचा उगमसुद्धा असाच किरकोळ असतो. मार्च २०२४ मधे आंद्रेस फ्रॉइंड नावाच्या, पोस्टग्रेस या डेटाबेसच्या डेव्हलपरला दिसलं की एसएसएचने (दूरच्या कॉम्प्युटरवर शिरायची सोय) लॉगिन करायला नेहमीपेक्षा साधारण अर्धा सेकंद जास्त लागतोय. अर्धा सेकंद! आपण चहा प्यायला उठलो असतो. त्याने खणून बघितलं तर एक्सझेड या फाइल दाबून लहान करणाऱ्या साधनात कोणीतरी चोरून शिरायला मागचं दार बसवून ठेवलेलं निघालं, आणि तेही दोनेक वर्ष गोड बोलून, मदत करून, प्रकल्पाचा विश्वास मिळवून. २०१६ मधलं लेफ्टपॅडचं प्रकरण असंच, इतरांच्या सॉफ्टवेअरमधे वापरला जाणारा अकरा ओळींचा कोड त्याच्या लेखकाने रागाने काढून घेतला आणि जगभरातली सॉफ्टवेअरं बनायची अडली. आणि आपल्या अगदी दारातलं म्हणजे २०२२ मधे व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरची साइट भारतात उघडेनाशी झाली ते. महिनोन्‌महिने लोक "नेटच स्लो असेल" म्हणून गप्प बसले. यातल्या प्रत्येकावर भरपूर लिहून झालंय, पण यातली माणसं, म्हणजे पगार नसताना संध्याकाळी असला प्रकल्प सांभाळणारा एकटा माणूस आणि त्याला आलेला थकवा, यावर मराठीत फारसं वाचल्याचं मला आठवत नाही.

मुंबईत राहून विषय मिळत नाही म्हणणाऱ्याने एकदा लोकलचा नकाशा समोर घेऊन बसावं. पवईला आयआयटीत स्पोकन ट्युटोरियल प्रकल्प आहे, ओपन सोर्स सॉफ्टवेअर शिकवणारे साधारण दहा-दहा मिनिटांचे व्हिडिओ, मराठीसकट भारतीय भाषांमधे आवाज दिलेले. त्याची संहिता लिहायची रीत बघण्यासारखी आहे. पानाचे दोन रकाने, एकात पडद्यावर काय दिसणार आणि शेजारी तोंडाने काय बोलणार, आणि रेकॉर्डिंगच्या आधी ती संहिता एखाद्या नवशिक्याला देऊन बघतात की बाबा तू जिथे अडतोस तिथे सांग. ही एवढी एक सवय लेख लिहिणाऱ्यांनी उचलली तरी निम्मे लेख सुधारतील. तिथलाच फॉसी प्रकल्प, त्यात इंजिनीअरिंगच्या पुस्तकातली सोडवलेली उदाहरणं मुलं सायलॅब या गणिताच्या मुक्त सॉफ्टवेअरमधे करून देतात आणि त्याचं मानधन मिळतं. मानखुर्दला होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र, तिथे शाळांसाठी मुक्त सॉफ्टवेअरवर बरीच वर्षं काम झालंय. जुहूच्या एनसीएसटी या सरकारी सॉफ्टवेअर संस्थेत, जी पुढे सी-डॅकमधे गेली, इंडिक्स नावाने लिनक्सवर भारतीय लिप्या आणायचं काम झालं होतं. फ्रापे ही ईआरपीनेक्स्ट, म्हणजे धंद्याचा सगळा कारभार सांभाळणारं ओपन सोर्स सॉफ्टवेअर, बनवणारी कंपनी मुंबईचीच, आणि एखाद्या भिवंडीच्या यंत्रमागवाल्याने किंवा वसईच्या छोट्या कारखानदाराने त्यावर आपला हिशोब आणला तर त्याला कुठे कुठे ठेच लागली हा नुसता लेख नाही, मालिका आहे.

फॉन्टचं तर विचारूच नका. एक टाइप या मुंबईच्या मंडळींचा मुक्त आणि बलू, आयआयटी मुंबईचा शोभिका, हे सगळे ओपन फॉन्ट लायसन्सखाली आहेत, म्हणजे लग्नपत्रिकेपासून दुकानाच्या पाटीपर्यंत बिनधास्त वापरा, बदल करा, फक्त नुसता फॉन्ट विकायला बसू नका. रोज आपण ही अक्षरं मोबाईलवर वाचतो आणि ती कोणी काढली ते माहीत नसतं.

लिहिताना खरी मारामारी होते ती शब्दांची आणि टायपिंगची. फाइलला 'धारिका' आणि सॉफ्टवेअरला 'आज्ञावली' लिहिलं की शासकीय परिपत्रक वाचल्यासारखं वाटतं, वाचक दुसऱ्या ओळीला पान उलटतो. उलट सगळंच इंग्रजी ठेवलं तर मग मराठीत लिहायचं तरी कशाला. सर्वसाधारण रीत अशी पडलीय की पडद्यावर जो शब्द दिसतो तो तसाच देवनागरीत ठेवायचा आणि त्याच्या भोवतीची क्रियापदं मराठी, फाइल उघडा, फोल्डर हलवा, अपडेट टाका.

टायपिंगची गंमत माझ्याच अंगावर आलेली सांगतो. एका मासिकाला बॅकअपवर लेख दिला होता, त्यात एक आज्ञा (कॉम्प्युटरला टाइप करून द्यायची कमांड) होती, शब्दाआधी दोन छोट्या आडव्या रेघा असलेली. माझ्याकडून नीट गेली. तिथे मजकूर युनिकोडमधून (कुठल्याही कॉम्प्युटरवर सारखं वाचता येणारं टायपिंग) त्यांच्या जुन्या फॉन्टमधे बदलला, पानं लावणाऱ्या दादांच्या सॉफ्टवेअरने त्या दोन रेघांची आपोआप एक लांब रेघ केली, अवतरणचिन्हं वाकडी केली आणि 'सर्व्हर'मधला एक रफार उडी मारून शेजारच्या अक्षरावर जाऊन बसला. रफाराचं कोणालाच काही वाटलं नाही. पण ती लांब रेघ बघून लोकांनी आज्ञा टाइप केली, चालली नाही, आणि नऊ जणांचे फोन आले. दादांना विचारलं तर म्हणाले, "अहो सर, दोन रेघा चुकून पडल्यात असं वाटलं, एकच छान दिसते की." त्यांची काय चूक, त्यांचं काम पान छान दिसणं. तेव्हापासून मी आज्ञा वेगळ्या साध्या टेक्स्ट फाइलमधे देतो, पानाचा प्रूफ मागतो आणि त्यातली आज्ञा प्रूफ बघून हाताने टाइप करून चालवून बघतो. आकड्यांचंही तेच, लेखात २०२४ देवनागरीत शोभून दिसतं पण आज्ञेतला आकडा कोणी प्रेमाने देवनागरी केला तर कॉम्प्युटर ढिम्म हलत नाही.

मानधन आणि हक्क यावर फार बोलण्यासारखं नाही. मराठीत मानधन असलंच तर लेमिंग्टन रोडवर एक बऱ्यापैकी पेनड्राइव्ह येईल इतकं. हक्कांचं मात्र आधी विचारून घ्यावं, कारण सॉफ्टवेअरचं लायसन्स लेखाला लागू होत नाही, ग्नूच्या परवान्यातल्या सॉफ्टवेअरवर लिहिलेला लेख आपोआप मुक्त होत नसतो. विकिपीडियावर लिहिलंत तर तो क्रिएटिव्ह कॉमन्सखाली जातो, कोणीही श्रेय देऊन आणि तेच लायसन्स ठेवून पुन्हा वापरू शकतो. एकच लेख दोन मासिकांना पाठवणं हा मात्र सरळ अगोचरपणा, तो करू नये. आणि आपणच ज्या प्रकल्पात काम करतो त्यावर लिहीत असाल तर तसं पहिल्याच परिच्छेदात सांगून टाकावं, कंपनीचं प्रसिद्धीपत्रक नाव बदलून आलेलं संपादकाला दोन ओळींत कळतं.

शेवटचा त्रास म्हणजे हे लेख आंब्यासारखे नासतात. उबंटूची नवी आवृत्ती वर्षातून दोनदा, एप्रिल आणि ऑक्टोबरमधे येते, आणि मेनूतलं बटण डावीकडचं उजवीकडे गेलं की लेखातलं वाक्य खोटं पडतं. म्हणून कुठली आवृत्ती, कुठल्या महिन्यात वापरून बघितली ते लेखाच्या वरच लिहायची पद्धत आहे, तळाला नाही. विकीवरचा मजकूर कोणीतरी येऊन दुरुस्त करतो, छापलेल्याचं काय करणार. फाउंटनच्या फूटपाथवर जुन्या पुस्तकांच्या ढिगात कधीमधी ती जुनी अंकांची चवड अजून सापडते, सीडीचं पाकीट फाटलेलं, सीडी गायब, आणि मागच्या कुठल्यातरी वाचकाने एका आज्ञेशेजारी पेन्सिलने लिहिलेलं असतं, "चालत नाही, दोन रेघा द्या".