होली अपॉसल्स पॅरिश, न्यूयॉर्क

न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन भागातील चेल्सी वस्तीत, नाइन्थ अ‍ॅव्हेन्यू आणि अठ्ठाविसावा रस्ता जिथे मिळतात त्या कोपऱ्यावरील एपिस्कोपल चर्च व त्याला जोडलेल्या उपासकांची मंडळी, म्हणजेच पॅरिश. सभासदसंख्येने लहान असलेली ही मंडळी १९८२ पासून चालविलेल्या अन्नछत्रासाठी ओळखली जाते. येथे गरजूंना जेवण घालण्याचे काम उपासनेला जोडलेला निव्वळ समाजोपयोगी उपक्रम राहिलेले नाही. ज्या दालनात रविवारी प्रभुभोजनाचा, म्हणजे येशूच्या शेवटच्या भोजनाच्या स्मरणार्थ भाकर व द्राक्षारस वाटण्याचा, विधी होतो, त्याच दालनात इतर दिवशी पंगती बसत आल्या आहेत, आणि या व्यवस्थेने चर्चची अंतर्गत रचनाही बदलून टाकली आहे.

एपिस्कोपल चर्च ही अमेरिकन राज्यक्रांतीनंतर चर्च ऑफ इंग्लंडपासून प्रशासकीयदृष्ट्या वेगळी झालेली आणि १७८९ मध्ये स्वतंत्रपणे संघटित झालेली संस्था असून ती जागतिक अँग्लिकन परिवाराची घटक आहे. (पुण्यातील पंचहौद मिशन याच अँग्लिकन परंपरेतले. १८९० च्या सुमाराच्या चहा प्रकरणामुळे मराठी वाचकाला ते धर्मकार्यापेक्षा अधिक आठवते.) प्रत्येक पॅरिशचा कारभार सभासदांनी निवडलेली व्हेस्ट्री ही समिती आणि तिने बिशपच्या अनुमतीने नेमलेला मुख्य पाळक, म्हणजे रेक्टर, यांच्याकडे असतो. खर्चाची जबाबदारी मुख्यतः पॅरिशचीच असल्यामुळे वस्ती बदलली आणि सभासद पांगले की भव्य इमारतीची डागडुजी हीच मंडळीपुढील सर्वांत मोठी चिंता होऊन बसते. अमेरिकेतील अनेक जुन्या शहरी चर्चांप्रमाणे होली अपॉसल्सवरही ही वेळ आली होती.

पॅरिशची स्थापना १८४४ ची. हडसन नदीच्या धक्क्यांवर राबणाऱ्या स्थलांतरितांसाठी शहरातील श्रीमंत ट्रिनिटी चर्चने केलेल्या सेवाकार्यातून ती उभी राहिली. म्हणजे कष्टकरी वस्तीशी असलेले नाते येथे मुळातच होते. मिनार्ड लफीव्हर या वास्तुशास्त्रज्ञाने आखलेली विटांची इमारत १८४५ ते १८४८ या काळात बांधली गेली आणि पुढे १८५८ मध्ये तिला दोन्ही बाजूंचे पंख जोडण्यात आले. विल्यम जे बोल्टन याने घडविलेल्या रंगीत काचांच्या खिडक्या हे तिचे वैशिष्ट्य होय. विसाव्या शतकाच्या मध्यात आसपासची जुनी घरे पाडून पेन साउथ ही सहकारी गृहवसाहत उभारण्यात आली, तेव्हा चर्च मात्र जागच्या जागी राहिले. १९६६ मध्ये शहराने त्याला संरक्षित वास्तूचा दर्जा दिला.

१९७० च्या दशकात समलिंगी हक्कांच्या चळवळीतील संघटनांना सभा घेण्यासाठी जागा मिळणे कठीण होते, तेव्हा या पॅरिशने आपले दालन त्यांना खुले केले. समलिंगी ज्यूंची बेत सिमखात तोराह ही मंडळी १९७३ मध्ये येथेच जमू लागली. एका ख्रिस्ती देवालयात शुक्रवारच्या ज्यू प्रार्थना होत, ही गोष्ट त्या काळी साधी नव्हती. एपिस्कोपल चर्चने स्त्रियांना पाळकपदाची दीक्षा देण्यास १९७६ मध्ये संमती दिल्यावर, बिशप पॉल मूर यांनी जानेवारी १९७७ मध्ये एलन बॅरेट यांना याच चर्चमध्ये दीक्षा दिली. बॅरेट उघडपणे समलिंगी असल्यामुळे देशभरातील एपिस्कोपल मंडळ्यांतून मोठा विरोध झाला. पुढे हाच प्रश्न अँग्लिकन परिवाराला अनेक दशके पोळत राहिला.

अन्नछत्राची सुरुवात ऑक्टोबर १९८२ मध्ये, रेक्टर रँड फ्रू यांच्या काळात झाली. शहरात बेघरांची संख्या झपाट्याने वाढत होती, स्वस्त भाड्याच्या खोल्या नाहीशा होत होत्या आणि पॅरिशची स्वतःची आर्थिक स्थिती बिकट होती. अशा वेळी पैसा राखून ठेवण्याऐवजी जेवण घालायला घेण्याचा निर्णय व्यवहाराला धरून नव्हता, असे म्हणावे लागेल. पण चर्चला नवे स्वयंसेवक, नवे देणगीदार आणि नवे प्रयोजन त्यामुळेच मिळाले. काही वर्षांतच कामाच्या एकेका दिवशी हजाराच्या आसपास ताटे वाढली जाऊ लागली. येणाऱ्याला ‘पाहुणा’ म्हटले जाते. त्याच्याकडे उत्पन्नाचा दाखला मागितला जात नाही, प्रार्थनेची अट घातली जात नाही. वाढपी आणि स्वयंपाकाला हातभार लावणारे सर्व धर्मांचे असतात, तसेच कोणताही धर्म न मानणारेही असतात. खर्च देणग्या आणि अनुदानांतून भागविला जातो, कारण लहानशा मंडळीच्या रविवारच्या दानातून एवढा भार पेलणे शक्य नाही.

एप्रिल १९९० मध्ये जीर्णोद्धाराचे काम चालू असताना लागलेल्या आगीत छप्पर आणि काही खिडक्या नष्ट झाल्या. दुसऱ्याच दिवशी अन्नछत्र नेहमीप्रमाणे चालले व नऊशेहून अधिक लोक जेवले. चार वर्षांनी चर्च पुन्हा खुले झाले, तेव्हा जमिनीला जखडलेली जुनी बाके परत बसवली गेली नाहीत. हलत्या खुर्च्या आल्या, त्यामुळे मुख्य दालनात जेवणाची गोल मेजे मांडता येऊ लागली. पुनर्बांधणीतला हा सर्वांत दूरगामी निर्णय ठरला. बाके हे प्रॉटेस्टंट चर्चचे ठरलेले अंग, आणि ते गमावण्याला काही सभासदांचा तरी जीव कचरला असणार.

जेवणाबरोबर निवारा, ओळखपत्रे आणि आरोग्यसेवा मिळविण्यासाठी सल्ला दिला जातो. १९९० च्या दशकाच्या मध्यापासून पाहुण्यांसाठी लेखनाची कार्यशाळाही भरत आली असून तीत लिहिलेले गद्य-पद्य जाहीर वाचनातून लोकांपुढे येते.

या कामामागची धर्मधारणा एपिस्कोपल चर्चच्या १९७९ च्या प्रार्थनापुस्तकात स्पष्ट दिसते. त्यातील बाप्तिस्म्याच्या विधीत प्रत्येक माणसात ख्रिस्ताला शोधून त्याची सेवा करण्याचे आणि प्रत्येकाची प्रतिष्ठा राखण्याचे वचन घेतले जाते, आणि हे वचन मंडळी वर्षातून अनेकदा नव्याने उच्चारते. शास्त्रपाठ, प्रवचन, इतरांसाठी केलेल्या मध्यस्थीच्या प्रार्थना आणि प्रभुभोजन हा रविवारचा क्रम मात्र इतर कोणत्याही एपिस्कोपल चर्चसारखाच आहे. २०२० च्या कोविड साथीत दालनातील पंगती थांबवून जेवण बांधून दाराशी देण्याची पद्धत सुरू करावी लागली.