बॉक्सिंगचे पदक आणि क्रीडा कोटा : कोणती स्पर्धा ग्राह्य धरली जाते आणि अर्ज कुठे अडतो

बॉक्सिंगमध्ये पदक मिळवलेल्या मुलामुलींचे क्रीडा कोट्यातील, म्हणजे सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी ठेवलेल्या जागांसाठीचे, अर्ज फेटाळले जातात, तेव्हा त्यामागे खेळातील उणीव क्वचितच असते. पदक खरे असते, स्पर्धाही रीतसर झालेली असते. अडते ते एवढ्यावरच की, ती स्पर्धा भरवणाऱ्या संघटनेला त्या तारखेला मान्यता होती का, आणि असल्यास तसे ठरलेल्या नमुन्यात, ठरलेल्या पदाधिकाऱ्याच्या सहीने लिहून मिळाले आहे का.

केंद्र सरकारच्या गट ‘क’ पदांसाठी कार्मिक विभागाने (केंद्रीय नोकरभरतीचे नियम ठरवणाऱ्या) गुणवत्ताधारक खेळाडूंचा पसंतीक्रम ठरवून दिला आहे. सर्वांत वर देशाचे प्रतिनिधित्व करणारे आंतरराष्ट्रीय खेळाडू येतात. त्यानंतर मान्यताप्राप्त राष्ट्रीय महासंघाच्या वरिष्ठ किंवा कनिष्ठ गटाच्या राष्ट्रीय स्पर्धेत अथवा राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत तिसऱ्या क्रमांकापर्यंत पदक मिळवणारे, मग आंतरविद्यापीठ स्पर्धेतील आणि त्यानंतर राष्ट्रीय शालेय स्पर्धेतील पदकविजेते येतात. केवळ सहभागी झालेल्यांचा विचार या सर्वांनंतर होतो. महाराष्ट्र शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंसाठी पाच टक्के समांतर (प्रत्येक प्रवर्गाच्या आतच मोजले जाणारे) आरक्षण असून त्याचा मूळ आधार १ जुलै २०१६ चा शासन निर्णय व त्यानंतरच्या सुधारणा हा आहे. तेथे कोणत्या गटाच्या पदासाठी कोणत्या पातळीचे पदक लागते, हे जाहिरातीत दिलेल्या शासन निर्णयातच पाहावे. क्लासवाल्याने काढलेल्या तक्त्यावर विसंबू नये.

आता मुख्य अडचणीकडे वळू. ‘राष्ट्रीय अजिंक्यपद स्पर्धा’ हे नाव बॅनरवर कोणीही छापू शकतो, त्यामुळे नावावरून काहीच सिद्ध होत नाही. महासंघाला मान्यता केंद्रीय क्रीडा मंत्रालय देत आले आहे आणि २०११ च्या राष्ट्रीय क्रीडा विकास संहितेनुसार ती दरवर्षी नव्याने घ्यावी लागत आली आहे. भारतीय बॉक्सिंगपुरते बोलायचे, तर हा धागा एकदा नव्हे, अनेकदा तुटला आहे. निवडणुकीतील गैरप्रकारांच्या आरोपावरून डिसेंबर २०१२ मध्ये आंतरराष्ट्रीय बॉक्सिंग संघटनेने आणि पाठोपाठ मंत्रालयाने तेव्हाच्या भारतीय महासंघाला निलंबित केले. २०१४ मध्ये ‘बॉक्सिंग इंडिया’ ही नवी संघटना आली, ती वर्षभरही धड टिकली नाही, आणि सप्टेंबर २०१६ मध्ये मुंबईतील निवडणुकीनंतर आजचा बॉक्सिंग फेडरेशन ऑफ इंडिया उभा राहिला. २०१५ च्या आसपास कनिष्ठ गटात खेळलेली आणि आज वयोमर्यादेच्या पाच वर्षांच्या सवलतीत अर्ज करणारी मुले नेमकी या खिंडीत सापडतात. त्यांनी स्पर्धा कोणी भरवली आणि त्या महिन्यात मान्यता कोणाकडे होती, हे मंत्रालयाच्या आदेशाची प्रत जोडूनच दाखवावे. पडताळणीच्या टेबलावरील माणसाला हा इतिहास ठाऊक असेल, अशी अपेक्षा ठेवण्यात अर्थ नाही.

आंतरराष्ट्रीय पातळीवरही आज असाच दुभंग आहे. ऑलिंपिक समितीने आंतरराष्ट्रीय बॉक्सिंग संघटनेला २०१९ मध्ये निलंबित केले आणि जून २०२३ मध्ये तिची मान्यताच काढून घेतली. त्याच वर्षी ‘वर्ल्ड बॉक्सिंग’ ही नवी संघटना स्थापन झाली, भारत २०२४ मध्ये तिचा सदस्य झाला आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये ऑलिंपिक समितीने तिला तात्पुरती मान्यता दिली. परिणामी २०२५ मध्ये महिलांची ‘जागतिक अजिंक्यपद स्पर्धा’ दोनदा झाली : मार्चमध्ये सर्बियात जुन्या संघटनेची आणि सप्टेंबरमध्ये लिव्हरपूलला नव्या संघटनेची, जिथे जास्मिन लांबोरिया आणि मीनाक्षी यांनी भारतासाठी सुवर्णपदके जिंकली. म्हणून आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्रासोबत भारतीय संघात अधिकृत निवड झाल्याचे महासंघाचे पत्र जोडणे आता जवळजवळ अनिवार्यच समजावे. स्वखर्चाने परदेशी जाऊन खेळलेल्या निमंत्रित स्पर्धेचे पदक या रकान्यात बसत नाही. कोणीतरी आधीच तसे स्पष्ट सांगितले असते, तर बऱ्याच घरांचे पैसे वाचले असते.

व्यावसायिक बॉक्सिंगमधील विजेतेपदाच्या पट्ट्याबद्दलही वारंवार विचारणा होते. तेथे जगज्जेता कोण हे ठरवणारी एकच संस्था कधीच नव्हती. १९२१ मध्ये अमेरिकेतील राज्य आयोगांनी एकत्र येऊन काढलेल्या संघटनेने १९६२ मध्ये ‘वर्ल्ड बॉक्सिंग असोसिएशन’ हे नाव घेतले, १९६३ मध्ये मेक्सिकोत ‘वर्ल्ड बॉक्सिंग कौन्सिल’ निघाली, आणि १९८० च्या दशकात आणखी दोन संघटनांची भर पडून एकाच वजनगटात चार जगज्जेते असणे नित्याचे झाले. या संस्था आपापली क्रमवारी लावतात, लढतीला मंजुरी देताना शुल्क घेतात आणि मनाजोगता आव्हानवीर न स्वीकारणाऱ्याचा पट्टा काढूनही घेतात. विजेंदरसिंगने २०१६ मध्ये दिल्लीत जिंकलेला आशिया-पॅसिफिक पट्टा अशाच संघटनेचा होता. त्यात कमीपणा काहीच नाही. मात्र व्यावसायिक बॉक्सर स्वतःसाठी लढतो, राज्याचा किंवा देशाचा प्रतिनिधी म्हणून नव्हे, आणि अर्जाचा नमुना नेमके ‘प्रतिनिधित्व कोणाचे केले’ हेच विचारतो. तो पट्टा कोट्यासाठी पुढे करू नये.

केंद्राच्या नियमांनुसार स्पर्धांच्या प्रमाणपत्राचे नमुने चार आहेत. पहिला आंतरराष्ट्रीय, दुसरा राष्ट्रीय, तिसरा विद्यापीठ आणि चौथा शालेय स्पर्धेसाठी. बहुतेकांना लागतो तो दुसरा, आणि तोच कोणाकडे नसतो. स्पर्धेच्या मांडवात मिळालेले सोनेरी किनारीचे, ग्लोव्ह्जचे चित्र असलेले प्रमाणपत्र म्हणजे नमुना दोन नव्हे. त्या नमुन्यावर संघटनेचे नाव, स्पर्धेचे ठिकाण व तारखा, मिळवलेले स्थान आणि ‘कार्यालयातील नोंदींच्या आधारे हे प्रमाणपत्र देण्यात येत आहे’ असा मजकूर असतो, आणि तळाशी छोट्या अक्षरांत अशी टीप असते की, सचिवाने स्वतः सही केली असेल तरच ते वैध आहे. अध्यक्षांची सही, सहसचिवांची सही, सहीचा रबरी शिक्का, प्रशिक्षकाने ‘सचिवांकरिता’ केलेली सही, या चारही कारणांनी अर्ज परत येतात. २०२५ मध्ये काही महिने महासंघाचा कारभार अंतरिम समितीकडे होता. अशा काळातील सही असेल, तर सही करणाऱ्याला तो अधिकार कोणत्या आदेशाने मिळाला, त्याची प्रत मागून घ्यावी. हा नमुना पदक मिळाल्याच्या महिन्यातच घेऊन ठेवावा, कारण जाहिरात निघाल्यावर सचिव गावाला गेलेले असतात आणि नोंदवही कपाटात कुलूपबंद असते.

‘स्थान’ हा रकाना बॉक्सिंगमध्ये विशेष दगा देतो. उपांत्य फेरीत हरलेल्या दोघांनाही कांस्यपदक मिळते. तिसऱ्या क्रमांकासाठी वेगळी लढत होत नाही. तरीही काही संघटना प्रमाणपत्रावर नुसते ‘उपांत्य फेरी’ लिहितात, आणि पडताळणीत तो खेळाडू सहभागी म्हणून गणला जातो. ‘कांस्यपदक’ हा शब्द आणि किलोमध्ये वजनगट दोन्ही लिहून घ्यावेत. गेल्या काही वर्षांत वजनगट वारंवार बदलले असल्याने ‘फेदरवेट’ एवढ्यावर भागत नाही.

तारखेचा घोळ रेल्वेच्या भरतीत सर्वाधिक होतो. तेथे चालू आणि मागील दोन आर्थिक वर्षांतील कामगिरीच धरली जाते, आणि त्यासाठी स्पर्धेचा अखेरचा दिवस पाहिला जातो, प्रमाणपत्र छापल्याचा नव्हे. मार्चअखेर संपलेल्या स्पर्धेचे प्रमाणपत्र मेमध्ये हाती आले, तरी ती स्पर्धा आदल्याच आर्थिक वर्षात मोजली जाते.

राज्याच्या आरक्षणासाठी प्रमाणपत्राची पडताळणी विभागीय क्रीडा उपसंचालकांच्या कार्यालयात होते. बनावट प्रमाणपत्रांची प्रकरणे बाहेर आल्यापासून तेथील तपासणी कडक झाली आहे, ज्याचा भुर्दंड अर्थातच प्रामाणिक खेळाडूंनाच वेळेच्या रूपाने बसतो. म्हणून जाहिरातीची वाट न पाहता पडताळणीचा प्रस्ताव आधीच द्यावा आणि आवक क्रमांकासह पोचपावती घ्यावी. आधार, अधिवास, जन्मतारखेचा पुरावा व ऑनलाइन अर्ज हा भाग नेहमीचाच आहे. प्रस्ताव अमान्य झाला, तर नेमकी कोणती अट पूर्ण होत नाही, हे लेखी मागावे, कारण ‘तुमचे बसत नाही’ या तोंडी उत्तराविरुद्ध अपील करता येत नाही.