शारीरिक शिक्षणातील संशोधन

शारीरिक शिक्षणाच्या तासाला प्रत्यक्षात काय घडते, विद्यार्थी त्यातून काय शिकतात आणि त्यांच्या तंदुरुस्तीत किती भर पडते, याचा पद्धतशीर अभ्यास म्हणजे शारीरिक शिक्षणातील संशोधन. त्याला दोन बाजू आहेत. एक व्यायामाचा शरीरावर होणारा परिणाम मोजते, तर दुसरी अध्यापनाचे निरीक्षण करते. बराच काळ या दोन्ही बाजू आपापल्या वाटेने गेल्या. प्रयोगशाळेत सिद्ध झालेला व्यायाम मैदानावरच्या चाळीस मुलांपर्यंत कितपत पोहोचतो, हा या विषयातला सर्वांत महत्त्वाचा प्रश्न, पण तो तुलनेने उशिरा विचारला गेला.

शरीररचनेच्या ज्ञानावर व्यायाम बेतण्याची परंपरा जुनी आहे. पेर हेन्रिक लिंग यांनी १८१३ मध्ये स्टॉकहोम येथे व्यायामशिक्षकांसाठी संस्था काढली आणि स्वीडिश कवायत जगभर पसरली. परिणाम मोजण्याचा आग्रह मात्र विसाव्या शतकातला. १९५० च्या दशकाच्या पूर्वार्धात क्रॉस-वेबर चाचणी गाजली. तिच्या सहा सोप्या कसोट्यांपैकी किमान एकीत अमेरिकेतील निम्म्याहून अधिक मुले नापास झाली. ऑस्ट्रिया, इटली आणि स्वित्झर्लंडमध्ये हे प्रमाण दहा टक्क्यांच्या आत होते. या निकालांनी खळबळ उडाली आणि १९५६ मध्ये राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी युवकांच्या तंदुरुस्तीसाठी परिषद नेमली. वास्तविक ही चाचणी पोट, पाठ व मांड्यांच्या स्नायूंची किमान ताकद आणि लवचिकता एवढेच तपासत होती; हृदय व फुप्फुसांच्या क्षमतेविषयी ती काहीच सांगत नव्हती.

ती उणीव पुढच्या कामाने भरून काढली. जेरी मॉरिस यांनी १९५३ मध्ये लंडनच्या दुमजली बसमधील कर्मचाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दिवसभर जिने चढणाऱ्या वाहकांमध्ये हृदयविकाराचे प्रमाण बसून काम करणाऱ्या चालकांपेक्षा कमी आढळले. केनेथ कूपर यांनी १९६८ मध्ये बारा मिनिटांत कापलेल्या अंतरावरून दमसास मोजण्याची चाचणी मांडली. १९८० च्या दशकात लुक लेजे यांची वीस मीटर अंतरात ये-जा करण्याची धाव-चाचणी आली. आज रूढ असलेल्या रूपात ती ताशी ८.५ किलोमीटर वेगाने सुरू होते आणि दर मिनिटाला वेग अर्ध्या किलोमीटरने वाढतो. बीपच्या ठेक्याशी जुळवून घेणे जमेनासे झाले की धावणारा थांबतो. एक मोकळी जागा आणि ध्वनिमुद्रण एवढ्यावर अख्ख्या वर्गाची चाचणी होते, म्हणून शाळांनी ती उचलून धरली.

अध्यापनाच्या बाजूने मस्का मॉस्टन यांनी १९६६ मध्ये शिक्षकाच्या हुकमापासून विद्यार्थ्याच्या स्वनिर्णयापर्यंत जाणारा अध्यापनशैलींचा पट मांडला. डेव्हिड बंकर आणि रॉड थॉर्प यांनी १९८२ मध्ये सुचवले की, आधी कौशल्ये घोटून मग खेळ, हा क्रम बदलून खेळातूनच डावपेचांची समज यावी. तरीही या शाखेची दिशा खऱ्या अर्थाने बदलली ती घड्याळामुळे. डॅरिल सिडेंटॉप यांच्या गटाने प्रत्येक विद्यार्थी आपल्या आवाक्यातल्या कृतीत खरोखर किती वेळ असतो, याची नोंद सुरू केली. हजेरी, रांगा, साहित्यवाटप, सूचना आणि स्वतःची पाळी येण्याची वाट पाहणे यांत तासाचा मोठा भाग जातो, हे आकड्यांत दिसू लागले. तासाला हजर असणे आणि व्यायाम घडणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

थॉमस मॅकेन्झी व सहकाऱ्यांनी १९९१ मध्ये मांडलेली ‘सोफिट’ ही निरीक्षणपद्धती याच जाणिवेतून आली. निरीक्षक एका विद्यार्थ्याकडे दहा सेकंद पाहतो आणि पुढच्या दहा सेकंदांत नोंद करतो: आडवा, बसलेला, उभा, चालणारा की त्याहून जोमदार हालचाल करणारा. चार मिनिटांनी नजर दुसऱ्या विद्यार्थ्याकडे वळते. त्याच वेळी पाठाचा संदर्भ आणि शिक्षकाचे वर्तनही टिपले जाते. त्यामुळे रांग लांब असली की ‘उभा’ या रकान्यात नोंदी कशा साचतात, हे शिक्षकाला स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येते. एका चेंडूऐवजी सहा चेंडू देणे आणि संघ लहान ठेवणे यांसारख्या साध्या बदलांची परीक्षाही अशीच घेता येते.

या मोजमापाचा मोठा कस मुलांच्या हृदयाच्या आरोग्यासाठी अमेरिकेत झालेल्या ‘कॅच’ प्रयोगात लागला. १९९१ ते १९९४ या काळात ९६ शाळांत झालेल्या या प्रयोगात शिक्षकांना प्रशिक्षण मिळालेल्या शाळांत मध्यम ते तीव्र हालचालीचा वाटा तासाच्या सुमारे ३७ टक्क्यांवरून ५२ टक्क्यांवर गेला. तुलनेच्या शाळांतही तो वाढला, पण कमी. मात्र रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि वजन यांत दोन्ही गटांत लक्षणीय फरक दिसला नाही. हा निष्कर्ष झाकून न ठेवता सांगायला हवा. आठवड्यातले मोजके तास शरीराच्या अशा निर्देशांकांना हलवायला अपुरे पडतात. जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस ५ ते १७ वयोगटासाठी दररोज सरासरी ६० मिनिटे मध्यम ते तीव्र हालचालीची आहे आणि शाळेचा तास तिचा एक अंशच पुरवू शकतो.

चाचण्यांच्या गुणांवर श्रेणी देण्याला अनेक अभ्यासक विरोध करतात आणि तो रास्त आहे. तेरा वर्षांच्या दोन मुलांत शारीरिक वाढीच्या टप्प्याचा फरक काही वर्षांचा असू शकतो. आधी वयात आलेला मुलगा फारसा सराव न करताही पुढे दिसतो. सारखाच व्यायाम सर्वांना सारखा लागू पडत नाही, हे ‘हेरिटेज’ अभ्यासाने अनेक कुटुंबांत दाखवले: वीस आठवड्यांच्या एकाच कार्यक्रमानंतर काहींची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता जेमतेम हलली, तर काहींची भरपूर वाढली. प्रयत्न, प्रगती आणि व्यायामाविषयीची समज यांचे मूल्यमापन त्यामुळे अधिक न्याय्य ठरते.

संशोधनपद्धतीतली एक चूक जुन्या अभ्यासांत वारंवार आढळते. एका वर्गातली मुले एकाच शिक्षकाच्या हाताखाली असतात, म्हणून त्यांची कामगिरी एकमेकांपासून स्वतंत्र नसते. तरीही प्रत्येक मूल सुटे धरून गणित केले, तर निष्कर्ष असतो त्याहून पक्का वाटतो. म्हणूनच आता सुटी मुले न निवडता अख्ख्या शाळा किंवा वर्ग यादृच्छिकपणे, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्यासारखे, गटांत वाटले जातात.

अभ्यासाचा वेळ मैदानाला दिला तर गुण घसरतील, ही भीती कॅनडातील त्र्वा-रिव्हिएर येथे १९७० च्या दशकात तपासली गेली. प्राथमिक शाळेतील मुलांना तज्ज्ञ शिक्षकांकडून रोज एक तास शारीरिक शिक्षण देण्यात आले आणि तेवढा वेळ इतर विषयांतून काढला. त्यांची शैक्षणिक कामगिरी मागे पडली नाही. सुमारे वीस वर्षांनी त्याच गटाची पुन्हा पाहणी झाली, तेव्हा त्यातील स्त्रिया तुलनेच्या गटातील स्त्रियांपेक्षा अधिक नियमित व्यायाम करताना आढळल्या. पुरुषांमध्ये असा फरक स्पष्ट झाला नाही.