फेसाळ लघवी, अँटीबॉडी आणि गोरेपणाची क्रीम

किडनीचा त्रास म्हटलं की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला, शुगर आहे का, बीपी आहे का. प्रश्न बरोबरच आहे, क्रॉनिक किडनी डिसीजची सगळ्यात मोठी कारणं हीच दोन. पण समजा शुगर नाही, बीपी नाही, वय जेमतेम तिशीचं, तरी सकाळी उठल्यावर डोळ्यांखाली सूज, संध्याकाळी घोट्यावर मोज्याचा वळ, बोटाने दाबलं की खड्डा तसाच राहतो आणि लघवीला एवढा फेस की तो विरतच नाही. अशा वेळी घोळ बऱ्याचदा इम्युन सिस्टमचा असतो. असे आजार बरेच आहेत, मी इथे एकच घेतोय, मेम्ब्रेनस नेफ्रोपॅथी, कारण आपलीच प्रतिकारशक्ती किडनीवर कशी उलटते हे या आजारात फार स्पष्ट दिसतं.

प्रत्येक किडनीत साधारण १० लाख बारीक फिल्टर असतात, त्यांना ग्लोमेरुलस म्हणतात. त्यातल्या रक्तवाहिन्यांवर बाहेरून पोडोसाइट नावाच्या पेशी बसलेल्या असतात, दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंफावीत तसे त्यांचे पाय एकमेकांत अडकलेले, आणि मधल्या फटींतून पाणी, युरिया वगैरे जातं पण प्रोटीन सहसा जात नाही. दिवसाला १५० मिलिग्रॅमपर्यंत प्रोटीन लघवीत गेलं तर नॉर्मल. मेम्ब्रेनसमध्ये ते ३.५ ग्रॅमच्या वर जाऊ शकतं, कधी १० ग्रॅमही. कारण शरीराने पोडोसाइटवरच्याच एका प्रोटीनविरुद्ध अँटीबॉडी तयार केलेली असते. ती तिथे जाऊन चिकटते, कॉम्प्लिमेंट नावाची रक्तातली यंत्रणा जागी होते, ही तीच यंत्रणा जी एरवी बॅक्टेरियाला भोकं पाडते, आणि पोडोसाइटचे पाय चपटे होऊन फटींची रचना बिघडते. बायोप्सीचा तुकडा फ्लुरोसन्स मायक्रोस्कोपखाली ठेवला की फिल्टरच्या कडेकडेने हिरवे चमकणारे ठिपके दिसतात, ती सगळी आपली स्वतःची अँटीबॉडी.

हे कळायला पन्नास वर्षं लागली. १९५९ मध्ये अमेरिकेत वॉल्टर हेमन यांनी उंदरांना किडनीचाच अर्क टोचून असा आजार निर्माण करून दाखवला, पण माणसात अँटीबॉडी नेमकी कशाविरुद्ध आहे ते सापडेना. २००२ मध्ये पॅरिसला पिएर रोंको आणि हॅना डेबिएक यांच्या टीमला पहिला धागा मिळाला, एका बाळाला जन्मतःच हा आजार होता आणि अँटीबॉडी आईची होती. आईच्या शरीरात ते एक प्रोटीन मुळातच नव्हतं, त्यामुळे गरोदरपणात तिच्या इम्युन सिस्टमला बाळाचं प्रोटीन परकं वाटलं आणि अँटीबॉडी वारेतून बाळाच्या किडनीत पोचली. मग २००९ मध्ये बोस्टनला लॉरेन्स बेक आणि डेव्हिड सॅलंट यांनी पीएलए२आर नावाचं प्रोटीन शोधलं. दुसरं काही कारण नसताना ज्या मोठ्या माणसांना हा आजार होतो, त्यातल्या साधारण ७० टक्के लोकांत अँटीबॉडी याच्याचविरुद्ध निघते. आता ही अँटीबॉडी साध्या रक्ताच्या टेस्टमध्ये मोजता येते, काही पेशंटना तर बायोप्सीचीही गरज पडत नाही, आणि उपचार लागू पडले की आधी अँटीबॉडी खाली येते, लघवीतलं प्रोटीन काही महिन्यांनी.

पण उरलेल्या ३० टक्क्यांचं काय? त्यातल्या काहींत अँटीबॉडी ज्याच्याविरुद्ध असते असं एनईएलएल-१ नावाचं दुसरं प्रोटीन पुढे आलं आणि आपल्याला सगळ्यात जास्त काळजी याची वाटायला हवी. केरळात कोट्टक्कलच्या डॉक्टरांनी जुलै २०२१ ते सप्टेंबर २०२३ मधले मेम्ब्रेनसचे २२ पेशंट तपासले, त्यातले १५ एनईएलएल-१ वाले निघाले आणि त्या १५ पैकी १३ जणांनी गोरेपणाची क्रीम लावत असल्याचं सांगितलं. दोषी होता क्रीममधला पारा. पारा त्वचेतलं मेलॅनिन बनणं अडवतो म्हणून चेहरा उजळतो, पण तो त्वचेतून आत जातो आणि किडनीत साठतो. आपल्याकडेही २०२३ मध्ये अकोल्याच्या एकाच घरातल्या तिघींना क्रीममुळे किडनीचा त्रास झाल्याची बातमी आली होती, मुंबईच्या केईएममध्ये क्रीम तपासली तर त्यात पारा निघाला. हे नवीनही नाही, नैरोबीतल्या डॉक्टरांनी १९७२ मध्येच अशा क्रीम आणि किडनीचा संबंध छापून सांगितला होता. भारतात अशा कॉस्मेटिक्समध्ये नकळत आलेला पारासुद्धा १ पीपीएमच्या, म्हणजे दहा लाखांत एका भागाच्या वर चालत नाही, तरी ना लेबल ना कंपनीचा पत्ता असल्या डब्या सर्रास विकल्या जातात आणि मुलींना काळीसावळी म्हणून टोचून बोलणारं घर त्या विकत घेतं, याचा मला मनापासून संताप येतो. पारा असलेल्या काही देशी औषधांमुळेही एनईएलएल-१ चा आजार झाल्याचं वेल्लोरच्या डॉक्टरांनी दाखवलंय. आणि काही पेशंटमध्ये यामागे कॅन्सर असतो, म्हणून डॉक्टर तेही तपासतात.

एवढं होऊनही सुरुवातीला क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम मोजणारी नेहमीची रक्ताची टेस्ट, नॉर्मल येऊ शकतं! लोक तिथेच फसतात, रिपोर्ट चांगला आला म्हणून सूज 'अंगात पाणी झालंय' या खात्यात जाते. आत मात्र प्रोटीन गळत राहतं, पुढच्या नळ्यांच्या पेशींना ते झेपत नाही, त्या मॅक्रोफेज आणि टी सेल्स या इम्युन सिस्टमच्या पेशींना सिग्नल देतात, किडनीच्या आत दाह धुमसत राहतो आणि चांगल्या टिश्यूच्या जागी व्रण तयार होतो. हा व्रण परत फिरत नाही. क्रिएटिनिन वाढतं ते इथे, कधी कधी काही वर्षांनी. शिवाय अल्ब्युमिन, म्हणजे रक्तातलं मुख्य प्रोटीन, खूप घसरलं तर रक्ताच्या गुठळ्या होतात, पायात, फुफ्फुसात, किडनीच्या शिरेतही. म्हणून फेस आणि सूज दिसली की लघवीची साधी तपासणी आधी करा, ती अगदी स्वस्तात होते.

उपचारात पहिलं म्हणजे कारण काढणं. पाऱ्याची क्रीम बंद केल्यावर बऱ्याच जणांचं प्रोटीन काही महिन्यांत उतरतं, सोबत टेल्मिसार्टन किंवा रामिप्रिलसारखी, एरवी बीपीसाठी देतात ती, प्रोटीनची गळती कमी करणारी गोळी असते. पीएलए२आर वाल्यांतही साधारण एक तृतीयांश लोकांचा आजार आपोआप शांत होतो, म्हणून रिस्क कमी असेल तर डॉक्टर घाई न करता वाट बघतात. नाही झाला तर रिटुक्सिमॅब हे औषध, जे अँटीबॉडी बनवणाऱ्या पेशींच्या आधीच्या बी सेल्सनाच संपवतं. २०१९ च्या एका मोठ्या ट्रायलमध्ये दोन वर्षांनी रिटुक्सिमॅबवाले ६० टक्के पेशंट आटोक्यात होते, सायक्लोस्पोरिन हे प्रतिकारशक्ती दाबणारं दुसरं औषध घेणारे फक्त २० टक्के. मात्र प्रतिकारशक्ती दाबायची तर आधी हेपटायटिस बी आणि टीबी तपासावाच लागतो, कारण झोपलेलं इन्फेक्शन उठू शकतं.

नेफ्रोलॉजिस्टकडे जाताना फाइलसोबत घरात वापरात असलेली प्रत्येक ट्यूब, पुडी, भस्म आणि पेनकिलरची स्ट्रिप पिशवीत घालून न्या, आणि पार्लरमधून डबीत भरून दिलेली क्रीम असेल तर ती डबीसुद्धा.