रॉकच्या फाटक्या आवाजाची कुळकथा

गणपतीच्या मंडपात स्पीकर चिरकायला लागला की लगेच साउंडवाल्याच्या नावानं ओरडा होतो. रॉकवाले मात्र हाच चिरका आवाज मुद्दाम पैसे मोजून घेतात. ‘डिस्टॉर्शन’ म्हणतात त्याला. हार्ड रॉक, मेटल, पंक ही सगळी घराणी त्याच्यावर उभी आहेत, आणि त्याचा बराचसा इतिहास बिघाडांचा आहे.

मुळात गिटारला वीज लागली ती गोंगाटामुळे. ब्लूज गायक-गिटारवादक मडी वॉटर्स 1943 मध्ये मिसिसिपीच्या कापूसपट्ट्यातून शिकागोला आला. तिथल्या गजबजलेल्या बारमध्ये साध्या गिटारचा आवाज पुढच्या टेबलापर्यंतही पोचेना. मग इलेक्ट्रिक गिटार आली, आणि छोट्या अँप्लिफायरला झेपेल त्यापेक्षा जास्त पिळणं आलं.

1951 च्या मार्चमध्ये आयक टर्नरचा वाद्यवृंद क्लार्कस्डेलहून मेम्फिसला ध्वनिमुद्रणासाठी निघाला. या प्रवासात गिटारवाल्या विली किझार्टच्या अँप्लिफायरची वाट लागली. कुणी म्हणतं अँप्लिफायर गाडीवरून पडला, कुणी म्हणतं पावसात भिजला. स्टुडिओचा मालक सॅम फिलिप्स दुरुस्तीच्या भानगडीत पडला नाही. फाटक्या स्पीकरमध्ये कागद कोंबला आणि ‘रॉकेट 88’ तसंच मुद्रित झालं. गाणं एका मोटारीच्या कौतुकाचं, पण खाली गिटार भुंग्यासारखी गुणगुणते. तबकडीवर नाव लागलं गायक जॅकी ब्रेन्स्टनचं. टर्नरला ते कायम खुपलं.

हीच पहिली रॉक अँड रोल तबकडी, असं छातीठोकपणे सांगणारे पुष्कळ आहेत. मला तो वाद निरर्थक वाटतो. ती चाल, तो ठेका कृष्णवर्णीय वादक 1940 च्या दशकापासून वाजवत होते. फक्त ‘बिलबोर्ड’ साप्ताहिक 1949 पर्यंत त्या तबकड्यांना ‘रेस रेकॉर्ड्स’ (रेस म्हणजे वंश) म्हणायचं, मग ‘रिदम अँड ब्लूज’ म्हणू लागलं. 1954 च्या जुलैत फिलिप्सच्याच स्टुडिओत एल्विस प्रेस्लीनं आर्थर क्रुडपचं जुनं गाणं गायलं. गोऱ्या पोराच्या तोंडून आल्यावर त्याच मालाला मोठी बाजारपेठ मिळाली.

फाटका आवाज कानाला भरीव का वाटतो? व्हॉल्व्हच्या, म्हणजे काचेच्या निर्वात नळ्यांच्या, अँप्लिफायरला कुवतीपलीकडे रेटलं की ध्वनिलहरींचे शेंडे छाटले जातात, मूळ स्वरावर उपस्वरांचे थर चढतात आणि स्वर जास्त वेळ टिकतो. मिरजेचा कारागीर तंबोऱ्याची जवारी काढतो तेव्हा मार्ग निराळा असतो, पण ओढ तीच: नुसता स्वच्छ स्वर नको, त्याला झणकार हवा. अशा आवाजात पूर्ण कॉर्ड, म्हणजे सा, ग, प एकदम, वाजवली तर गंधार सगळा चिखल करतो. म्हणून तो गाळून नुसते सा आणि प वाजवायचे. हीच ती ‘पॉवर कॉर्ड’.

पुढे लोक मुद्दामच मोडतोड करू लागले. गिटारवादक लिंक रेनं 1958 च्या ‘रम्बल’साठी पेन्सिलीनं स्पीकरला भोकं पाडली. गाण्यात एकही शब्द नाही, तरी काही रेडिओ केंद्रांनी त्यावर बंदी घातली! 1964 मध्ये लंडनच्या किंक्स बँडमधल्या डेव्ह डेव्हिसनं ब्लेडनं स्पीकरचा पडदा चिरला. त्याआधीच नॅशव्हिलमध्ये एका मुद्रणात आवाज एकत्र करणारा मिक्सरच बिघडला होता; तो बिघाड डबीत भरून 1962 मध्ये ‘फझ-टोन’ बाजारात आला. पायानं खटका दाबा, आवाज फाटेल. पुन्हा दाबा, साफ. रोलिंग स्टोन्सच्या 1965 च्या ‘सॅटिस्फॅक्शन’मध्ये तोच वाजतो. त्यामुळे पॉपवाल्यांचीही सोय झाली, हवा तेवढाच तिखटपणा घालता आला.

राहिला हाताचा अपघात. बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात गिटारवादक टोनी आयोमीच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं तुटली. डावखुरा असल्यानं ती नेमकी तारा दाबणाऱ्या हाताची. त्यानं प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणं केली, हलक्या तारा लावल्या, 1970 मध्ये ‘ब्लॅक सॅबथ’ या आपल्या बँडची पहिली तबकडी काढली. तरीही तारा ताठच वाटत होत्या. मग 1971 च्या तबकडीत काही गाण्यांसाठी तारा ढिल्या करून पांढरी तीनची गिटार थेट काळी एकवर आणली.